टेलगेटिंग आणि कॅम्पिंगसाठी छोटं गॅस ग्रिल कसं पारखावं

मिशिगनमधल्या ॲन आर्बरला वर्षभरापूर्वी आलेल्या एका जोडप्याने विचारलंय: दोन लहान मुलं आहेत. उन्हाळ्यात लेक मिशिगनच्या काठाला तंबू टाकून राहायचा बेत आहे आणि सप्टेंबरपासून विद्यापीठाच्या फुटबॉल मॅचआधी मित्रांबरोबर टेलगेटिंग. पुण्याहून सासू-सासरे येणार आहेत, दोघेही शाकाहारी. एक मित्र म्हणतो, तीन बर्नरचं २०,००० बीटीयूचं (बीटीयू हे उष्णतेचं एक माप) ग्रिल घ्या. दुसरा म्हणतो, ८,५०० बीटीयूचं एका बर्नरचं पुरे. दुकानात उभं राहून नेमकं काय बघायचं?

मिशिगनमध्ये मला आता २३ वर्षं झाली. त्यातली ११ वर्षं गॅसवर चालणाऱ्या उपकरणांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत गेली आणि सुट्टीचे दिवस मंडळाच्या सहली, स्टेडियमबाहेरची पटांगणं आणि तलावाकाठचे कॅम्प यांत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण शेवटी कोणतं घ्यावं हेही सांगते.

ज्यांना टेलगेटिंग हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मॅचच्या आधी चार-पाच तास लोक स्टेडियमजवळ गाड्या लावतात, मागचा दरवाजा उघडतात आणि तिथेच रांधून खातात. इथल्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात, म्हणजे शनिवारी सकाळी आसपासचं गोल्फचं मैदान आणि शाळेची पटांगणं कशी फुलून जातात याची कल्पना करा. हुरड्याच्या आगटीभोवती लोक बसतात ना, तसंच असतं. फक्त इथे प्रत्येकाची आगटी वेगळी, आणि ती डिकीत घालून घरी न्यायची.

या ‘घरी न्यायची’ला फार महत्त्व आहे. दुकानात सगळे ज्योत किती मोठी ते विचारतात. माझ्या अनुभवात लोक ग्रिलला कंटाळतात ते तीन कारणांनी: वाऱ्यात आच टिकत नाही, आच मंद होत नाही, किंवा आवरताना जीव जातो. ज्योत लहान पडली म्हणून कंटाळलेला माणूस मला क्वचितच भेटला.

आधी बीटीयूचा गोंधळ सोडवू. बीटीयूचा आकडा म्हणजे ग्रिल पूर्ण उघडल्यावर तासाला किती गॅस खातं त्याचा हिशोब. अन्नाला किती आच लागते ते त्यावरून कळत नाही. ती आच जाळीच्या क्षेत्रफळावर, झाकण किती घट्ट बसतं त्यावर आणि जाळीच्या जाडीवर ठरते. म्हणून बीटीयूला जाळीच्या चौरस इंचांनी भागून बघावं. वेबर क्यू १२०० चं ८,५०० बीटीयू आणि १८९ चौरस इंच, म्हणजे इंचाला ४५. वेबर ट्रॅव्हलरचं १३,००० आणि ३२०, म्हणजे ४१. कोलमन रोडट्रिप २८५ चं २०,००० आणि २८५, म्हणजे ७०. क्विझिनार्टचं सगळ्यात छोटं, ५,५०० बीटीयूचं आणि १४५ चौरस इंचांचं, त्याचे आले ३८.

यावरून ७० वालं दुपटीने चांगलं असं वाटेल, पण तसं नाही. घट्ट झाकणाचं, जाड ओतीव लोखंडाच्या जाळीचं ग्रिल ४० ते ४५ मध्ये उत्तम भाजतं, कारण आत आलेली उष्णता ते धरून ठेवतं. पातळ पत्र्याचं, फटींमधून श्वास सोडणारं ग्रिल ७० घेऊनही वाऱ्यात गारठतं. तेव्हा भागाकार कराच, पण त्यानंतर झाकण लावून कडेने बोट फिरवा. किती फट आहे, झाकण डुगडुगतं का, बिजागरी सैल आहे का, हे आकड्याइतकंच बोलकं असतं. जाळी हातात घ्या. तवा उचलल्यासारखी जड लागली तर बरं. तारेसारखी हलकी जाळी थंड चिकन ठेवलं की लगेच निवते. मग चिकन भाजलं जात नाही, स्वतःच्या पाण्यात शिजतं.

आता गॅस. माझ्या मते खरेदीतला निम्मा निर्णय इथे असतो, आणि दुकानदार याबद्दल चकार शब्द काढत नाही.

ग्रिलला लागते ती हिरवी छोटी बाटली, जिला सगळे एक पौंडाची म्हणतात. तिच्यात सुमारे ४६५ ग्रॅम प्रोपेन असतं. एका पौंड प्रोपेनमधून साधारण २१,५०० बीटीयू मिळतात, म्हणजे बाटलीत झाले २२,००० च्या आसपास. ८,५०० चं ग्रिल पूर्ण आचेवर अडीच तास चालेल, १३,००० चं पावणेदोन तास आणि २०,००० चं जेमतेम एक तास. हा झाला कागदावरचा हिशोब. थंडीत तो बिघडतो, आणि कसा बिघडतो ते नीट समजून घ्या, कारण नोव्हेंबरमधल्या मॅचला तुमची गाठ त्याच्याशीच पडणार आहे.

प्रोपेन बाटलीत द्रवरूपात असतं आणि उकळून वायू होत होत बाहेर पडतं. उकळायला उष्णता लागते, ती ते बाटलीच्या पत्र्यातून आणि स्वतःच्याच द्रवातून ओढून घेतं. जितक्या वेगाने गॅस ओढाल तितक्या वेगाने बाटली गार होते, आणि गार बाटलीतला दाब घसरतो. तीन बर्नर पूर्ण सोडले तर छोट्या बाटलीवर दहा-पंधरा मिनिटांत दंव धरलेलं दिसतं. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सियस आहे, त्यामुळे गॅस पूर्ण बंद पडत नाही, पण ज्योत मलूल होत जाते. बरीच वर्षं झाली, नोव्हेंबरची सकाळ, शून्याच्या आसपास तापमान, वारा. तेव्हाच्या माझ्या तीन बर्नरच्या ग्रिलवर १२ जणांचं चिकन होतं आणि एकच छोटी बाटली जोडलेली. अर्ध्या तासात ज्योत बोटभर उरली. बाटली हलवून बघितली तर आत द्रव खळखळत होता. गॅस होता, बाहेर यायला तयार नव्हता. चिकन अर्धं कच्चं. शेवटी शेजारच्या गाडीतल्या अनोळखी माणसाने स्वतःचं ग्रिल दिलं. त्या दिवसापासून मी थंडीत छोट्या बाटलीवर मोठं ग्रिल चालवत नाही.

उपाय सोपा आहे. घरच्या बार्बेक्यूला लागतो तो २० पौंडांचा सिलिंडर घ्या आणि छोट्या बाटलीच्या जागी बसणारी जोडनळी घ्या, पाच-सहा फुटांची. मोठ्या सिलिंडरात द्रव जास्त, पत्रा जास्त, म्हणून तो इतका गार पडत नाही. गॅसही स्वस्त पडतो. मात्र ग्रिलवर रेग्युलेटर आधीच असेल तर नळी साधी उच्चदाबाची हवी, तिच्यावर दुसरा रेग्युलेटर नको. दोन रेग्युलेटर एकापुढे एक लागले की आच कायमची अर्धी. दुसरी गोष्ट: सिलिंडरच्या जोडणीत जास्त गॅस एकदम सुटला तर तो रोखणारी झडप असते. सिलिंडर झटकन उघडला की नळी फुटली असं समजून ती अडते, आणि ग्रिलवर मेणबत्तीएवढी ज्योत येते. नवे लोक यालाच ‘ग्रिल बिघडलं’ म्हणून परत करतात. सगळे नॉब बंद करा, सिलिंडर बंद करा, एक-दोन मिनिटं थांबा, मग सिलिंडर हळूहळू उघडा आणि शेवटी ग्रिलचा नॉब. दहातल्या नऊ वेळा आच परत येते.

कॅम्पिंगला मात्र छोट्या बाटल्याच बऱ्या, कारण उन्हाळ्यात गारठ्याचा प्रश्न नसतो आणि गाडीत जागा नसते. स्वयंपाकघरातला काटा वापरा: नवी बाटली वजन करून आकडा तिच्यावरच लिहून ठेवा, दर खेपेनंतर पुन्हा तोला. त्यातून तुमचं ग्रिल खरोखर किती खातं हेही कळतं. आमच्या घरी एक बर्नरच्या ग्रिलवर दोघांचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळून दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम जातो, म्हणजे शनिवार-रविवारला एक बाटली पुरून उरते. रिकामी झालेली बाटली पुन्हा भरू नका. ती एकदाच वापरायच्या परवान्याची असते, आणि स्वतः भरलेली तशी बाटली गाडीतून नेणं इथे संघीय कायद्याने गुन्हा आहे. पुन्हा भरता येणाऱ्या एक पौंडाच्या बाटल्या वेगळ्या मिळतात. महाग असतात, पण तुमचं वर्षाला आठ-दहा वेळा बाहेर जाणं होणार असेल तर घ्याच. कॅलिफोर्नियात तर २०२८ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या विकायलाच बंदी आहे. टेबलावरच्या कोरियन शेगडीला लागतात त्या ब्युटेनच्या लांबट डब्या थंडीत निरुपयोगी ठरतात. साधं ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळायचं थांबतं.

वारा. तुम्ही प्लॅट रिव्हरला किंवा लडिंग्टनला उतरलात की पहिल्याच संध्याकाळी तलावावरून वारा येईल. बहुतेक छोट्या ग्रिलना गरम हवा बाहेर पडायची फट मागे असते. वारा त्या फटीत शिरला तर उष्णता उलटी पुढे, नॉबकडे येते. बर्नर विझतो, नाहीतर नॉब वितळायला लागतात. ग्रिलची पाठ वाऱ्याकडे कधी करू नका. आडोसा करायचा असेल तर गाडीने किंवा टेबल आडवं करून थोड्या अंतरावर करा. ग्रिलला चारी बाजूंनी पत्रा लावणारे लोक मी पाहिलेत. तो पत्रा बाटलीलाही उष्णता कोंडून देतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. दुकानात वारा नसतो, म्हणून घरी आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत अंगणात टेबलफॅन लावून बघा. दोन मीटरवरून, मधल्या वेगावर, झाकण लावून. सर्वांत मंद आचेवर दहा मिनिटं ज्योत टिकली तर ग्रिल चांगलं.

मंद आचेबद्दल मी हट्टी आहे, आणि त्याचं कारण आपलं जेवण. हॅम्बर्गरला मोठी आच चालते, चार-पाच मिनिटांत काम होतं. आपण काय भाजणार? भरताचं वांगं. इथलं वांगं चांगलं मोठं असतं, त्याला मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात, नाहीतर साल कोळसा आणि आत कच्चा पांढरा गर. दह्यात मुरवलेलं चिकन मोठ्या आचेवर बाहेरून काळं होतं आणि हाडाजवळ लाल राहतं. चिकन आत ७४ अंश सेल्सियसला पोचायला हवं, म्हणून टोचून बघायचा छोटा थर्मामीटर घ्याच. झाकणावरचा काटा आतल्या हवेचं तापमान सांगतो, चिकनचं नाही. पनीरला तर जोरदार आच लागली की बाहेरून रबर. आणि ऑगस्टमधलं मिशिगनचं मक्याचं कणीस! त्यात साखर इतकी असते की आपल्या देशी कणसासारखं थेट ज्योतीवर धरलं तर मिनिटभरात काळं पडतं. सालासकट अर्धा तास पाण्यात भिजवा, मंद आचेवर झाकून भाजा, शेवटी साल सोलून एकदा फिरवा. मग लिंबू, तिखट, मीठ. माझ्या धाकट्याला दुसरं काही नको असतं.

तर परीक्षा अशी: सगळे बर्नर किमान आचेवर ठेवा, झाकण लावा, पंधरा मिनिटांनी झाकणावरचा काटा बघा. २५० फॅरनहाइटच्या खाली आला तर उत्तम, ३०० पर्यंत चालेल. चारशेच्या खाली येतच नसेल तर ते ग्रिल फक्त बर्गरचं. एका बर्नरच्या ग्रिलवर ‘इकडे गरम, तिकडे गार’ अशी सोय नसते, म्हणून त्याचं किमान टोक आणखी महत्त्वाचं. दोन-तीन बर्नर असतील तर एक बंद ठेवून त्या बाजूला भाजलेलं सरकवता येतं.

दुसरी परीक्षा ब्रेडची. साधा पांढरा ब्रेड आणा, ग्रिल मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, सगळी जाळी स्लाइसनी भरून टाका, दोन मिनिटांनी सगळ्या उलट्या करा. कुठे खरपूस, कुठे करपलं, कुठे पांढरंच राहिलं हे लख्ख दिसतं. कोपऱ्यात थोडा फरक असतोच, तो खपवून घ्या. मधोमध काळा पट्टा आणि दोन्ही बाजूंना पांढरं, असं असेल तर ती जाळी अर्धीच कामाची. ३०० चौरस इंच लिहिलेलं ग्रिल प्रत्यक्षात दीडशेचं निघालेलं मी पाहिलंय.

किती माणसांना किती जाळी? १८९ चौरस इंचावर आठ-नऊ चिकनचे तुकडे किंवा मधल्या आकाराची चार पापलेटं बसतात. चौघांना एका घाण्यात पुरतं, आठ जणांना दोन घाणे. लोक वर्षातून एकदा येणाऱ्या २० पाहुण्यांसाठी ग्रिल घेतात आणि उरलेल्या सगळ्या खेपांना ते धूड वाहत बसतात. तसं करू नका. टेलगेटिंगला कोणी पंगत वाढत नाही. जसजसं भाजून होईल तसतसं लोक उभ्याने उचलतात, त्यामुळे घाणे काढत राहणंच सोयीचं.

आता सासू-सासऱ्यांचा प्रश्न. हा तुम्ही ओघात लिहिलाय, पण मी तो महत्त्वाचा धरते, कारण माझा सल्ला त्यामुळेच बदलला. ज्या जाळीवर चिकनची चरबी ठिबकली त्याच जाळीवर घासून पुसून वांगं ठेवलं तर ते खातील का? आमच्या सासूबाई खात नव्हत्या आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. जाळीची एक बाजू शाकाहारी ठेवून भागत नाही, तेल उडतंच. ज्या ग्रिलच्या प्लेट्स सुट्या निघतात आणि वेगळ्या विकत मिळतात ते बघा. एक सपाट प्लेट फक्त शाकाहारी म्हणून ठेवायची, वेगळ्या पिशवीत, वेगळ्या चिमट्यासकट. तिच्यावर थालीपीठ होतं, पावभाजीचा पाव भाजता येतो, मटार-बटाट्याचे पॅटिस होतात. आणि क्रम पाळा: आधी शाकाहारी सगळं, मग प्लेट काढून जाळी लावून मासे आणि शेवटी चिकन. रोडट्रिपसारख्या ग्रिलांना या बदलत्या प्लेट्स मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे छोटं ग्रिल आणि शेजारी १७ इंची सपाट तवा, ब्लॅकस्टोनसारखा. फार सुंदर चालतं, पण दोन धुडं, दोन बाटल्या. लहान मुलांबरोबर मी ते सुचवणार नाही.

आवराआवर. मॅच दुपारी बाराची असेल तर आम्ही साडेसातला पोचतो, आठला पहिला चहा आणि अंडी, साडेदहाला गॅस बंद. हे साडेदहा पाळलंच पाहिजे. ओतीव लोखंडाची जाळी आणि झाकण हात लावण्याइतकं निवायला पाऊण तास लागतो, थंडीत थोडा कमी. गरम ग्रिल डिकीत टाकून धावलेले लोक दरवर्षी दिसतात. तेव्हा दुकानात विचारा: चरबीचा ट्रे कुठे आहे, न सांडता काढता येतो का, ग्रिल उभं करून ठेवायचं झालं तर उरलेलं तेल कुठे जातं? चाकांवर ओढायची, दुमडून उभी राहणारी ग्रिलं पाठीला फार सुखाची असतात, ४५-५० पौंडांचं वजन उचलावं लागत नाही. पण ट्रे आधी काढून पुसला नाही तर उभं करताच तेल बाहेर. एका जुन्या ग्रिलने माझ्या गाडीचा गालिचा असा बिघडवला की पुढचे सहा महिने उन्हात गाडी तापली की तळलेल्या मासळीचा वास यायचा. ट्रेमध्ये ॲल्युमिनियम फॉइल घाला, निघताना गुंडाळून पिशवीत. जाळी कोमट असतानाच अर्ध्या कांद्याने आणि लाकडी पट्टीने घासा. तारेचा ब्रश मी घरात ठेवत नाही. त्याची एखादी तार जाळीला चिकटून राहते आणि घासाबरोबर घशात जाते, लोकांना शस्त्रक्रिया करून काढून घ्यावी लागली आहे.

कॅम्पवर हाच ट्रे आणखी त्रास देतो. लडिंग्टनला एका रात्री रॅकूनच्या जोडीने आमचा ट्रे ओढून तंबूच्या दारापर्यंत आणला होता. ते नुसतं घाण करून गेलं. पण मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, पॉर्क्युपाइन पर्वताकडे जाल तेव्हा तिथे काळी अस्वलं आहेत. चरबीचा वास असलेलं ग्रिल म्हणजे त्यांच्या दृष्टीने अन्नच. रात्री ते स्वच्छ पुसून, कॅम्पचा जो नियम असेल त्याप्रमाणे पेटीत किंवा गाडीत बंद. ट्रे सहज निघतो का, हा प्रश्न इथे पुन्हा आला बघा.

सुरक्षेचं थोडक्यात, पण हे टाळू नका. ग्रिलवर सीएसए किंवा तत्सम तपासणीची खूण बघा. नळी जोडली की दर वेळी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतं, गळलं तर जमिनीलगत साचतं, म्हणजे नेमकं जिथे मुलं खेळत असतात तिथे. पेटवताना झाकण उघडं. पाच सेकंदांत पेटलं नाही तर बंद करून पाच मिनिटं थांबा. पाऊस आला म्हणून ग्रिल तंबूत किंवा तंबूच्या ओसरीत कधीही नेऊ नका. आगीपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची भीती मोठी, त्याला वास नसतो. गाडीच्या उघड्या दरवाजाखालीही नको. दहा फूट अंतर ठेवा. मोठा सिलिंडर गाडीत उभा बांधून न्या आणि बंद गाडीत उन्हात ठेवू नका. पूर्वेकडे फिरायला जाणार असाल तर न्यूयॉर्क आणि बाल्टिमोरच्या बोगद्यांतून प्रोपेन नेण्यावर निर्बंध आहेत, निघण्याआधी रस्ता ठरवताना नियम वाचा.

पेटवायची कळ चालेलच असं धरू नका. ओलाव्यात ती हमखास रुसते. लांब दांड्याचा लायटर ग्रिलच्या पिशवीत कायमचा ठेवा. आणि हिवाळाभर गराजमध्ये पडलेलं ग्रिल वसंतात बाहेर काढाल तेव्हा बर्नरच्या नळीचं तोंड पाइप-क्लीनरने साफ करा. कोळ्यांना त्या नळ्या आवडतात. आत जाळं झालं की हवा पुरेशी मिसळत नाही, निळी ज्योत पिवळी होते, कधी आग नळीतून मागे नॉबकडे येते. प्रयोगशाळेत आमच्याकडे ‘बर्नर खराब’ म्हणून आलेल्या कित्येक नगांत एवढंच निघायचं.

कोळशाचं का नको, असंही कोणी विचारेल. चवीला कोळसा वरचढ आहे, मला मान्य आहे. पण स्टेडियमबाहेर निखारे विझवून राख कुठे टाकायची हा प्रश्न बारा वाजायच्या आत सोडवावा लागतो. आणि कॅम्पवर लाकूड न्यायचं म्हटलं तर इथे बाहेरून सरपण आणू नका असं बजावतात. २००२ मध्ये याच भागात, डेट्रॉइटजवळ, ॲशची झाडं मारणारा हिरवा भुंगा सापडला आणि तो सरपणातूनच लांब लांब पसरला. गॅसला ही भानगड नाही, कोरड्या दिवसांत आगीवर निर्बंध आले तरी बंद करता येणाऱ्या गॅसच्या शेगड्यांना बहुधा सूट असते.

तर तुमच्यासाठी काय? दोघंच असतात आणि मांसाहार-शाकाहाराचा प्रश्न नसता तर मी डोळे झाकून ८,५०० चं, जड जाळीचं एका बर्नरचं सांगितलं असतं. माझं स्वतःचं तेच आहे. पण तुमच्या घरी वांगं, पनीर आणि चिकन एकाच सकाळी होणार, सासू-सासऱ्यांना वेगळी प्लेट लागणार आणि पाहुणे येणार. म्हणून तीन बर्नरचं घ्या, २८५ चौरस इंचांच्या आसपासचं, प्लेट्स बदलता येणारं, चाकांचं. घेताना त्या २०,००० साठी घेऊ नका, तीन वेगळ्या नॉबसाठी घ्या. रोज एक किंवा दोनच बर्नर लावले तर गॅसही सात ते तेरा हजारांच्या हिशोबानेच जाईल. सोबत एक सपाट प्लेट, एक जोडनळी आणि घरचाच मोठा सिलिंडर स्टेडियमसाठी. कॅम्पला दोन छोट्या बाटल्या. पहिल्या मित्राचं म्हणणं बरोबर निघालं, कारण मात्र त्याने सांगितलं ते नव्हतं.

आणल्याबरोबर पहिल्या रविवारी अंगणात तिन्ही परीक्षा करा: फॅन, मंद आच, ब्रेड. एखादी साफ फसली तर मुदतीत परत करून दुसरा नग मागा, संकोच करू नका. एकाच मॉडेलच्या दोन नगांत झाकणाच्या फटीचा फरक असतो. ब्रेड भाजून झाला की स्लाइस जाळीवर होत्या त्याच क्रमाने मांडून वरून फोटो काढून पाठवा. कुठला बर्नर कमी पडतोय ते त्यावरून सांगते.